तुरटी आणि शेवटची झडती

बाबा दाढीला बसले की आमच्या घरातली कामं थांबतात. आई गॅस बारीक करते, मी यवतमाळहून आलेली असले तर हातातली सुई कापडात टोचून ठेवते आणि दोघी कान देऊन बसतो. अंगणातून 'स्स' असा आवाज आला की आई कापूस घेऊन धावते आणि मी तुरटी घेऊन. नुसत्या दाढीचा एवढा थाट कुठल्या नवरदेवाचाही होत नसेल.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बाबा आरशाशिवाय, बैलांना शिव्या घालता घालता दाढी उरकत आणि एक ओरखडा उठत नसे. पण मागल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले. डावा गाल मात्र बधिर राहिला आणि ओठाचा डावा कोपरा खाली ओढलेला राहिला. त्यात यवतमाळच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची मागे लावली. म्हणजे गालाला ब्लेड लागलेलं बाबांना कळत नाही आणि एकदा लागलं की रक्त थांबायचं नाव घेत नाही. एवढीशी चीर, पण ती आमची अर्धी सकाळ खाऊन टाकते.

डॉक्टरांनी उपाय अगदी सोपा सांगितला होता. गार पाण्यानं धुवायचं, स्वच्छ कापूस घट्ट दाबून धरायचा आणि सारखं उचलून पाहायचं नाही. कापूस भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवायचा. बारीक काप असेल तर तुरटी ओली करून लावली तरी चालेल. आता दाबून धरणं आमच्या घराला जमतं, न पाहणं जमत नाही. आम्ही भाजी शिजली का ते चारदा झाकण काढून पाहणारी माणसं. आई कापूस दाबायची, लगेच उचलायची, "अजून येऊनच राह्यलं वं!" म्हणायची आणि पुन्हा दाबायची. जमलेली खपली तिच्या प्रत्येक पाहण्यासोबत निघून यायची. शेवटी मी कापूस धरायचं काम तिच्याकडून काढून घेतलं.

गावानं उपाय सुचवायला कमी केलं नाही. कुणी हळद दाबा म्हणालं, कुणी चहापत्ती, कुणी टूथपेस्ट. एका वहिनीनं तर कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं काढून आणलं होतं, तिला मी चहा पाजून जाळ्यासकट परत पाठवलं. मी स्वतः यवतमाळला शिवणाचे क्लास घेते. बोटात सुई घुसणं हे माझं रोजचं आहे, त्यामुळे रक्ताला मी घाबरत नाही. कापडावरचा रक्ताचा डाग गार पाण्यानं जातो, गरम पाण्यानं पक्का बसतो, हे मी प्रत्येक नव्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगते. बाबांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी मीच गार पाण्यात चोळलेल्या आहेत.

मी त्यांना बॅटरीवर चालणारं दाढीचं मशीनही आणून दिलं होतं. चांगलं महागाचं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं बैलांच्या शेपटीचे गोंडे कापून सारखे केले. ते मशीन तेव्हापासून गोठ्यात असतं. बाबांनी आपलं जुनं ब्लेडचं रेझर काही सोडलं नाही.

पण खरं दुखणं दाढीचं नव्हतंच. ओठ नीट मिटत नसल्यामुळे त्यांचे काही शब्द गळून जायचे. 'पाणी' म्हणायला गेले की नुसती हवा निघायची. 'बैल', 'भाकर', 'मीठ', ओठाला ओठ लावायचा आला की फसलंच. आवाज भलामोठा असलेला हा माणूस खुणा करायला लागला. आणि मला ते लहानपणापासून 'माय' म्हणतात. आमच्याकडे लाडक्या लेकीला बाप असंच म्हणतो. ते त्यांनी झटक्यानंतर एकदाच म्हणून पाहिलं. जे निघालं ते ऐकून त्यांनी मान फिरवली आणि त्यानंतर मला हाक मारायची तर चुटकी वाजवायला लागले. त्या चुटकीचा मला फार राग यायचा आणि रडूही यायचं.

आता पोळ्याचं सांगते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरजवळचं. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून सगळ्या जोड्या गावाच्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या करतात. मग तिथं माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींची खणखणीत तुकबंदी, कधी देवाची, कधी गावातल्या कुणाची टिंगल करणारी. शेवटी सगळ्यांनी मिळून 'हर बोला हर हर महादेव' करायचं. सगळ्यात शेवटची झडती झाली की तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. ती शेवटची झडती वर्षानुवर्षं आमच्या बाबांची होती. दरवेळी नवी, तिथल्या तिथं जुळवलेली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे.

मागल्या पोळ्याला बाबा घराबाहेर पडलेच नाहीत. आखरावर शेवटची झडती म्हणायला कुणी पुढे आलं नाही, नुसताच जयघोष करून तोरण तोडलं. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. या वर्षी गावच्या पोरांनी ठरवलं की बाबांना त्रास नको, मोबाइलमध्ये झडत्या मिळतात, त्यातलीच एक मोठ्या स्पीकरवर वाजवू. हे कानावर आलं तेव्हा बाबा उठले, त्या पोरांसमोर जाऊन उभे राहिले आणि स्वतःच्या छातीवर दोनदा हात आपटला. मी म्हणीन, असा त्याचा अर्थ होता. पोरं बिचारी हो म्हणाली, पण मोबाइल तयार ठेवला. आणि यंदा एकदा मोबाइलवर झडती वाजली असती, तर पुढल्या वर्षी बाबांना कुणी विचारलंही नसतं. हे बाबांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासाठी शिवलेला पांढरा शर्ट घेऊन एसटीनं गावी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल धुऊन झाले. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, नेरहून आले. चाचांचं नेरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. वर्षभर ट्रॅक्टर नीट करतात आणि पोळ्याला दुकान बंद ठेवून आमच्या बैलांची शिंगं सजवायला येतात. शिंगांवर लाल पतंगी कागद गुंडाळण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

आई पुरण वाटत होती. मी पडवीत शर्टाला इस्त्री फिरवत होते. बाबा कडुनिंबाखाली आरसा टांगून दाढीला बसलेले. तेवढ्यात मला बारीक आवाज आला.

"बा. बा. बै. बैल. बो... बोला."

मी इस्त्री उभी केली आणि खांबाआडून पाहिलं. तोंडाला साबणाचा फेस, गाल टम्म फुगवलेला, ओठ आवळलेले, आणि त्या फुगवलेल्या गालावरून ब्लेड चाललेलं. डॉक्टरांनी त्यांना आरशासमोर बसून रोज गाल फुगवायचा, प-ब-म म्हणायचा व्यायाम दिला होता. आम्हाला वाटायचं, त्यांनी तो कधीच सोडला. त्यांनी सोडला नव्हता. आरसा एकच, तर दोन्ही कामं एकदमच उरकत होते! वर्षभर आम्ही कापूस आणि तुरटी घेऊन धावत होतो, त्या प्रत्येक कापाचं कारण मला त्या क्षणी कळलं. मला हसूही आलं आणि असं वाटलं की जाऊन त्यांना मिठी मारावी, फेसासकट.

मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी "पोळा" म्हणायला ओठ जोरात मिटले आणि स्स झालं.

काप नेमका ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी. तोंड उघडलं की तोही उघडायचा. मी कापूस आणायला आत पळाले. कापसाचा डबा आईनं सणाच्या आवराआवरीत कुठं ठेवला ते सापडेना. इकडे बाहेर काय झालं, ते मला नंतर कळलं. चाचांनी रक्ताचा ओघळ पाहिला आणि "अरे, पेपर लाव, पेपर!" म्हणत इकडेतिकडे पाहिलं. जुन्या माणसांचा हा उपाय, दाढी कापली की पेपरचा तुकडा फाडून चिकटवायचा. पेपर मिळाला नाही. मग त्यांनी हातातल्या लाल पतंगी कागदाचाच कोपरा फाडला, बाबांच्या ओठाशी चिकटवला आणि "हो गया!" म्हणून मोकळे झाले. त्याच वेळी आखरावरून निरोप आला की स्पीकर बोंबलत नाही, चाचांना पाठवा. चाचा निघून गेले. ज्या स्पीकरवर मोबाइल वाजणार होता, तोच दुरुस्त करायला.

मी कापूस घेऊन आले. ओठाशी लाल काहीतरी दिसत होतं, मी ते रक्तच समजले आणि वर कापसाचा बोळा दाबून धरला. आई आलीच मागून.

"काही बोलू नका तुमी," तिनं बाबांना बजावलं. "तोंड उघडलं का पाहा. गोळी सुरू आहे तुमची."

बाबांनी बोट वर करून काहीतरी दाखवायला सुरुवात केली.

"हालू नका मनलं ना!"

मी डॉक्टरांचं ऐकून अजिबात पाहत नव्हते. आईलाही पाहू देत नव्हते. कापूस गुलाबी झाला, मी त्यावर दुसरा ठेवला. तोही गुलाबी झाला, त्यावर तिसरा. बाबांच्या ओठाच्या त्या कोपऱ्यातून झटक्यानंतर थोडी लाळ येतेच, त्यामुळे सगळं ओलंच राहत होतं. गोठ्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. शेजारच्यांची जोडी आखराकडे निघाली, मग त्यांच्या पलीकडच्यांची.

बाबा पुन्हा पुन्हा गोठ्याकडे बोट दाखवत होते. बैलाच्या शिंगाकडे, मग स्वतःच्या ओठाकडे, मग पुन्हा शिंगाकडे.

"समजलं वं मले," आई मला म्हणाली. "बैल निघाले पाह्यजेत मनून राह्यले. अवो, बैल नेईल कोनी बी. पयले जीव आहे का झडती?"

बाबांनी कपाळावर हात मारला. आईनं तो दुःखाचा समजला आणि पदर डोळ्यांना लावला. मग तिनं फोन लावून गावातला ऑटो बोलावला. नेरच्या दवाखान्यात नेऊ, म्हणाली. ऑटो दारात येऊन उभा राहिला तसे बाबा खाटेला धरून बसले आणि मान जोरजोरात हलवायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर हा माणूस आरशासमोर एकटा बसून 'बा बा' करत होता तो याच एका दिवसासाठी, आणि मी त्यांचं तोंड दाबून बसले होते.

त्यांना धीर द्यायला म्हणून मी त्यांचा हात हातात घेतला आणि माझी बोटं मला दिसली. गुलाबी होती. चांगली टवटवीत, राणी गुलाबी.

मी बोटांकडे पाहतच राहिले. रक्त एव्हाना सुकून तपकिरी व्हायला पाहिजे होतं. नखांच्या कडांशी काळं पडायला पाहिजे होतं. हा रंग मी चांगली ओळखते. स्वस्तातलं लाल अस्तर पाण्यात बुडवलं की बोटांना लागतो, तोच हा.

"आई," मी म्हणाले, "हे रक्त नाही. रंग जाऊन राह्यला!"

मी डॉक्टरांची मनोमन माफी मागितली आणि कापूस उचलला. एक बोळा, दुसरा, तिसरा, आणि त्यांच्याखाली भिजून लगदा झालेला लाल पतंगी कागद. गार पाण्यानं अलगद धुतलं. सगळी लाली वाहून गेली आणि खाली राहिली एक केसाएवढी बारीक रेघ. मिटलेली, कोरडी. रक्त कधीचंच थांबलं होतं. आम्ही तासभर कागदाचा रंग थांबवायला बसलो होतो!

"कागद!" बाबा ओरडले. "केव्हाचा सांगून राह्यलो, कागद आहे मनून! शिंगाचा कागद! कोनी ऐकून घ्याल तर ना!"

आई मटकन खाली बसली आणि जी हसायला लागली ती थांबेना. ऑटोवाला दारातूनच हसत होता. बाबाही हसले, वाकड्या ओठानं, पण असे हसले की मला त्यांचा उजवीकडचा सोन्याचा दात कितीतरी महिन्यांनी दिसला. मी म्हणाले, "हसू नका, फाटेल तो काप," आणि स्वतःच हसत सुटले. ऑटोवाल्याला आईनं पुरणपोळी वाढली. दवाखान्याऐवजी त्यानं आम्हाला आखरावर सोडलं, बैल पुढे चाचांनी आखरावरून पाठवलेला त्यांचा पुतण्या घेऊन गेला.

ऑटोतून उतरताना मी तुरटीचा खडा मुठीत धरलेला होता. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. पांढऱ्या शर्टाची कॉलर मी नीट केली.

"बोला बाबा," मी म्हणाले. "पोळा भरला."

आखरावर माणूस मावत नव्हता. चाचांनी स्पीकर ठणठणीत करून ठेवला होता. बाबांच्या ओठाकडे पाहून त्यांनी खुशीत विचारलं, "काय भाऊ, पेपरनं थांबलं का नाही?" बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की चाचा दोन पावलं मागे सरकले. एका पोरानं मोबाइल स्पीकरला जोडून धरला होता. बाबांनी त्याच्याजवळ जाऊन ती वायर आपल्या हातानं काढली, तोरणाखाली गेले आणि आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बाबांनी गाल फुगवला, ओठ मिटले आणि सोडले.

"बैल नटले, बाप नटला, ब्लेड लागलं ओठाले,
चाच्यानं मारला लाल कागद, रंग लागला बोटाले!
बायको म्हणे बोलू नका, आटो आला दारात,
पोरगी म्हणे बोला बाबा, पोळा भरला जोरात!
हर बोला..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. 'हर हर महादेव' असं उसळलं की बैल बिचकले. दोन-तीन शब्द बाबांच्या ओठातून थोडे निसटले होते, पण 'बैल' बैलच होता, 'बाप' बापच होता आणि 'पोळा' तर असा निघाला की माझ्या अंगावर काटा आला. चाचा कपाळ बडवून घेत हसत होते आणि डोळे पुसत होते. तोरण तुटलं. पोळा फुटला. जोड्या घुंगरं वाजवत गावाकडे सुटल्या आणि लोक बाबांना भेटायला पुढे यायला लागले. आई कुणाला तरी सांगत होती, "मीच बोलू देत नोयतो त्याईले," आणि ते तिला फार अभिमानानं सांगावंसं वाटत होतं.

गर्दीतून वाट काढत मी त्यांच्यापाशी पोचले. ओठाच्या कोपऱ्याशी एक थेंब आला होता. या वेळी खराखुरा, गर्द लाल. तो हळूहळू हनुवटीकडे सरकत होता आणि खाली माझा पांढरा शर्ट होता. मी मूठ उघडली, तुरटीचा खडा काढला आणि हात पुढे केला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले, मोठ्या कष्टानं, पण पुरते मिटले.

"कशी झाली, माय?"

मी तुरटी तशीच हातात धरून उभी राहिले. लावली असती, तर त्यांना तोंड बंद करावं लागलं असतं.